खाऱ्या तळ्याचा खराटा

तिला सगळे खराटाबाई म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नुसतं "बाई" म्हटलं की ती मान वर करून बघायची, ह्याला आज काय झालं म्हणून. नाव स्वभावावरून पडलेलं. चहाचा शेवटचा घोट कपात असतानाच ती कप विसळायला उचलायची. पाहुणे अजून जिन्यात असायचे आणि ही त्यांच्या पावलांवरून फडकं फिरवत यायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून एकेका चाकाशी तासन्तास बसणारा तो माणूस आणि त्याच्या टेबलाखालून दिवसातून दहादा झाडू मारणारी ही, असा तो संसार होता. एकदा कुणाच्या तरी मनगटी घड्याळाची बारीकशी स्प्रिंग केरात गेली, तेव्हा त्याने टेबलाभोवती खडूने एक रेघ मारली. "ह्या रेघेच्या आत यायचं नाही," असं तो म्हणाला. लग्नानंतर ठामपणे बोललेलं त्याचं हे एकच वाक्य.

अशा बाईला नोकरीही तशीच मिळावी ना! गाव आणि समुद्र यांच्या मधे वाळूची एक लांब पट्टी होती, आणि पट्टीच्या अलीकडे खाऱ्या पाण्याचं पसरट तळं. कुठे कमरेइतकं, कुठे गुडघ्याइतकं पाणी. भरती एका अरुंद तोंडातून आत यायची खरी, पण आत येईतो दमून जायची. पाणी फारसं हलत नसे. ऊन तापलं की त्यावर शेवाळ धरायचं. ते काढायला नगरपालिकेची एक सपाट बुडाची होडी होती, तिच्यामागे ओढायचं रुंद लोखंडी दाताळं होतं, एक इंजिनवाला होता, आणि त्या सगळ्यांवर मुकादम म्हणून खराटाबाई. तळं म्हणजे तिच्या लेखी घराचंच पुढचं अंगण. फक्त ओलं, आणि हट्टी.

अंगण घाण करणारा कोण, ते तिला ठाऊक होतं. गावाचं सांडपाणी एका जाड नळातून थेट तळ्यात यायचं. त्या नळाशी ती वर्षानुवर्षं भांडली. सभांना गेली, सह्या गोळा केल्या, अध्यक्षांच्या दारात उभी राहिली, अध्यक्ष बदलले तेव्हा नव्यांच्या दारात उभी राहिली. शेवटी "नळ बंद करू पण ह्या बाईंना आवरा" अशी पाळी आली आणि नळ खरोखरच बंद झाला. सांडपाणी दुसरीकडे, शुद्ध करायच्या टाक्यांकडे वळलं.

त्या शेवटच्या सभेला पाणी तपासणारा माणूस आला होता. कायम बाटल्या घेऊन फिरायचा म्हणून सगळे त्याला बाटलीसाहेब म्हणत. तो उठून म्हणाला, "नळ बंद केला तर पाणी सुधारेल. पण हळूहळू." खराटाबाईंनी हे ऐकलं आणि घरोघर जाऊन सांगितलं, "पाणी सुधारणार!" हळूहळू हा शब्द तिच्याकडून वाटेतच कुठेतरी गळून पडला. मुद्दाम नाही. तो शब्द तिच्या अंगाला कधी चिकटतच नसे.

आणि पहिलं घर कुठलं? धाकट्या भावाचं.

हा भाऊ म्हणजे तिच्या स्वतःच्या पोटचा असता तर तिने बदडून सरळ केला असता, इतका निवांत प्राणी. गाव त्याला सुस्तोबा म्हणायचं. तळ्यात त्याची शिंपल्यांची शेती होती. जाळीच्या टोपल्यांत बारीक शिंपले भरायचे, टोपल्या पाण्यात टांगायच्या, ते वाढेपर्यंत वाट बघायची. वाट बघण्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गेली काही वर्षं शिंपले वाढण्याआधीच मरत होते. भावजयीच्या माहेरच्यांचं शहरात गोदाम होतं. तिथे त्याला जागा होती, राहायला दोन खोल्या होत्या, आणि भावजय कधीची तयार होती. सामान बांधायचं तेवढं राहिलं होतं.

"एक वर्ष थांब," खराटाबाई त्याच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. "नळ बंद झालाय. आता पाणी आरशासारखं होईल. माझा शब्द आहे."

"ताई, नक्की?"

"अरे, घाण टाकायची थांबली की घाण थांबते! ह्यात नक्की काय आणि अनक्की काय?"

भाऊ थांबला. होते नव्हते तेवढे सगळे शिंपले टोपल्यांत भरून त्याने तळ्यात सोडले. भावजय तिच्याशी अदबीनेच वागायची, पण त्या दिवशी तिने सरळ सांगितलं, "वन्सं, हे शेवटचं. ह्या खेपेला मेले तर आम्ही निघालो." खराटाबाईंनी मान डोलावली. मरतील कशाला?

आईवडील गेल्यावर तिला रक्ताचं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं. ती त्याला दिवसातून दोनदा बोलायची, पण त्याच्या खिडकीत दिवा दिसल्याशिवाय स्वतःच्या घरची कडी लावायची नाही. तो गेला की ती खिडकी अंधारी होणार, हे तिला नको होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यापेक्षा करण्यावर तिचा विश्वास.

म्हणून तिने केलं. दाताळं वरचं शेवाळ काढायचं, पण तळाशी काळपट थर तसाच राहायचा, तो तिच्या डोळ्यांत सलायचा. तिने लोहाराकडून दाताळ्याला एक जड साखळी जोडून घेतली. साखळीच्या वजनाने दाताळं थेट तळाला टेकू लागलं आणि खरवडत निघालं.

"बाई, बूड खरवडतंय हो," इंजिनवाला म्हणाला. होडीमागे काळं पाणी उसळत होतं.

"मग? भांडं घासायचं तर बुडापासून घासायचं. कडा पुसून काय होतंय?"

तो पुन्हा इंजिनाकडे वळला. तिच्यापुढे बोलायचं म्हणजे इंजिन बंद करून वल्ही मारण्यासारखं होतं.

उन्हाळा आला, आणि पाणी हिरवं झालं. साधं हिरवं नाही. नळ चालू असताना कधी झालं नव्हतं इतकं हिरवं. वर तवंगाचे लगदे, आणि ओल्या पोत्यासारखा वास. चहाच्या टपरीवर लोकांना आयतंच सापडलं. "काय खराटाबाई, नळ होता तोच बरा होता की!" "रोग परवडला पण औषध नको, दुसरं काय!" ज्यांनी सह्या दिल्या होत्या तेच दात काढत होते. ती कुणालाच उत्तर देत नव्हती, आणि ती उत्तर देत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे सगळ्यांना कळत होतं. ती पहाटे होडी काढायची ती दिवस मावळेपर्यंत आत असायची. एका कडेचं साफ करून दुसऱ्या कडेला जावं तर आठवड्याभरात पहिली कडा पुन्हा हिरवीगार. असं वाटायचं की कुणीतरी मागून येऊन ओततंय. एकदा तर तिने तो बंद केलेला नळ जाऊन पाहिला. लाथ मारून पाहिला. नळ कोरडा ठणठणीत होता.

बाटलीसाहेब धक्क्यावर येऊन थांबला होता. होडी टेकली, दाताळं वर आलं, त्यावरून काळा गाळ ठिबकत होता. तो साखळीकडे बघतच राहिला.

"ही साखळी कधी लावलीत?"

"नळ बंद झाला त्याच महिन्यात. मी लावून घेतली. चांगली ओढते."

बाटलीसाहेबाने कपाळाला हात लावला. "तरीच. बाई, तुम्ही जिथे जिथे फिरताय तिथेच आधी हिरवं होतंय. मी डोकं खाजवत होतो."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"ऐका तर. गावाने इतकी वर्षं जे ओतलं, ते शेवाळाने खाल्लं. शेवाळ मेलं, तळाशी बसलं, कुजलं. ते सगळं खत त्या गाळात आहे. ऊन तापलं की गाळ ते थोडं थोडं सोडतो आणि नवं शेवाळ त्याच्यावर पोसतं. नळ बंद झाला तरी गाळातलं आहेच. ते हळूहळू सरायचं. तुम्ही तळ खरवडला की ते सगळं एकदम वर येतं."

"मी साफ करते."

"तुम्ही त्याला ताट वाढताय."

तिचा चेहरा असा झाला की इंजिनवाला उगाचच दोरीची गाठ सोडून पुन्हा मारू लागला.

"मग करायचं काय?" ती ओरडलीच.

"काही नाही. उन्हाळा सरेपर्यंत होडी बांधून ठेवा. पुढेही वरवरचं तेवढं जाळीने अलगद काढा. तळाला हात लावू नका. तळात गवत धरलं की ते गाळ बांधून ठेवेल."

"आणि हे किती दिवस?"

"दिवस नाही. वर्षं लागतील."

"किती वर्षं?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही! इतक्या बाटल्या भरून नेता आणि सांगता येत नाही? माझ्या भावाचे शिंपले त्या पाण्यात आहेत. त्यांना सांगू का, वर्षभर श्वास धरून बसा, साहेबांना सांगता येत नाही म्हणून?"

बाटलीसाहेब चिडला नाही, ह्याचाच तिला जास्त राग आला. तो म्हणाला, "मी सभेतच हळूहळू म्हटलं होतं, बाई." आणि आपली पेटी उचलून निघून गेला.

घरी येऊन तिने आधी भांड्यांचा खणखणाट केला. मग नवऱ्याच्या टेबलासमोर, पण खडूच्या रेघेबाहेर, उभी राहून सगळं ओकून टाकलं. काम बंद करा म्हणे! घर पेटलंय आणि हा सांगतोय बसून राहा! नवऱ्याने भिंग काढलं नाही.

"लोकांचं घड्याळ बंद पडलं की ते आधी हलवून बघतात," तो म्हणाला. "मग आपटून बघतात. मग माझ्याकडे आणतात. तोवर जे चाक धड होतं तेही गेलेलं असतं."

"मला घड्याळं सांगू नका हो तुम्ही!"

"बरं," तो म्हणाला आणि पुढचं चाक चिमट्यात धरलं.

दुसऱ्या दिवशी तिने होडी काढली. बांधून ठेवायची म्हणे! पण आता सगळं तळं नको, निदान भावाचा कोपरा तरी लख्ख करायचा, असं तिने ठरवलं. जुन्या नळाच्या बाजूला तिने त्याच्यासाठी एक पट्टा आधीच खरवडून तयार केला होता, आणि सगळ्या टोपल्या तिथे आणायला सांगितल्या होत्या. पूर्वी त्या पलीकडच्या एका मोडक्या धक्क्याच्या खांबांमधे टांगलेल्या असायच्या. ती जागा तिला आवडत नसे. खांबांत होडी शिरत नाही, दाताळं अडकतं, त्यामुळे तिथे साफ करता येत नाही. "त्या घाणीत ठेवू नकोस, इकडे आण," असं ती वसंत सरल्यापासून त्याच्या मागे लागली होती. त्याने बऱ्याचशा आणल्या. काही तिकडेच राहिल्या. "उद्या आणतो," तो म्हणायचा. त्याचा उद्या कधी उजाडायचा नाही, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या पट्ट्यात ती पुन्हा पुन्हा फिरली. साऱ्या तळ्यात कुठे घासलं नसेल इतकं तिथे घासलं. वारा पडलेला होता, ऊन रणरणत होतं. शेवाळ तिथे तरारून आलं, जाड झालं, आणि मग सगळं एकदमच मेलं.

सकाळी वासानेच कळलं. पट्ट्यातलं पाणी दुधाळ हिरवं होऊन पडलं होतं. कुजणाऱ्या शेवाळाने त्यातला सगळा श्वास ओढून घेतला होता. भाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेक टोपली वर काढत होता आणि प्रत्येकीत शिंपले आ वासून पडलेले. काठावर भावजय उभी होती.

"वन्सं, मग मी सामान बांधायला घेऊ ना?" एवढंच तिने विचारलं.

कुणावर तरी खेकसावं असं खराटाबाईंना फार वाटलं. बाटलीसाहेब नव्हता, नळ कोरडा होता. मग तिला मोडका धक्का आठवला. त्या राहिलेल्या टोपल्या! घाणीत ठेवू नकोस म्हणून कितीदा सांगितलं, तिथलीच कीड इकडे आली असणार. ती तशीच साडी खोचून पाण्यातून तिकडे निघाली.

खांबांच्या मधे शिरली आणि तिला स्वतःची पावलं दिसली.

ती खाली बघत राहिली. पाणी नितळ होतं. पायाशी आखूड हिरवं गवत होतं, शेवाळ नव्हे, मुळं धरलेलं गवत, आणि त्याच्यामधून बोटभर लांबीचे मासे तिच्या घोट्यांना वळसा घालून जात होते. ह्या जागेला तिने हात लावला नव्हता. लावता आला नव्हता. तिने एक टोपली वर उचलली. टोपली हलली तसे आतले शिंपले खाडकन मिटले. सगळेच्या सगळे. जिवंत शिंपलाच असा मिटतो.

मागून पाणी कापत भाऊ आला.

"ह्या तिकडे न्यायला सांगितल्या होत्या मी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"सांगितल्या होत्यास."

"मग?"

"कंटाळा केला."

एरवी ह्या शब्दावर तिने त्याची सालटी काढली असती. आज ती टोपली छातीशी धरून तशीच उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिला अजिबात आवडलं नाही, पण दोन्ही हात गुंतलेले होते, पुसणार कशाने? "मीच मारले रे तुझे," ती म्हणाली. "जास्त जपायला गेले आणि मीच मारले."

भावाने तिची समजूत घातली नाही. तसा तो खोटं बोलायचाही कंटाळाच करायचा. त्याने तिच्या हातातली टोपली घेतली आणि अलगद पुन्हा पाण्यात टांगली.

"ताई, माझं एक काम करशील?"

"सांग. आत्ता करते."

"काही करू नकोस."

होडी बांधली गेली. साखळी तिने स्वतः लोहाराकडे नेऊन कापून घेतली. त्यानंतर बाईंचे जे हाल झाले ते शत्रूचे होऊ नयेत. घरातली फरशी झिजायची वेळ आली. नवऱ्याने खडूची रेघ आणखी वीतभर बाहेर सरकवली. शेवटी तिला घरातही बसवेना, म्हणून ती तळ्याच्या काठावर जाऊन बसू लागली. समोर हिरव्या लगद्यांनी भरलेलं पाणी, टपरीवरून येणारं हसणं, आणि हातांना काम नाही. एखादा लगदा तरंगत तरंगत पार काठापर्यंत यायचा, नुसता वाकून उचलावा इतका जवळ. तो उचलायला हरकत नव्हती, बाटलीसाहेबानेच सांगितलं होतं. पण एक उचलला की आपण कुठे थांबणार नाही, हे तिला आता कळून चुकलं होतं. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची आणि मनातल्या मनात गावाला, गाळाला, उन्हाला आणि स्वतःला शिव्या घालायची. भावाच्या खिडकीत दिवा लागत होता. आणखी किती दिवस लागेल, हे विचारायची तिची छाती होत नव्हती. गोदामाची बोलणी होत आहेत, भावजयीच्या खोलीत खोकी आली आहेत, एवढं तिच्या कानावर होतं.

एका सकाळी भाऊ हातगाडी ढकलत तिच्यापाशी आला. गाडीवर जाळीच्या टोपल्यांचा ढीग होता. त्याने त्या तिच्यासमोर ओतल्या. रिकाम्या होत्या. तिने लगेच ओळखल्या. पट्ट्यातल्या. जाळीत अजून सुकलेल्या शिंपल्यांचे तुकडे अडकलेले होते. काही टवके, काही अर्ध्या जोड्या.

"हे काय?"

"घासायच्यात. इथेच घास, पाण्यापासून लांब. घाण परत तळ्यात जायला नको." त्याने खिशातून काथ्याची घासणी काढून तिच्या पुढ्यात टाकली.

ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं का, आपण तिच्या हातात काय देतोय? का आलं होतं? त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. जांभई देत होता.

"आता कशाला घासायच्या? गोदामात न्यायच्यात का?"

"पुढच्या उन्हाळ्याला लागतील. धक्क्याशी आहेत त्यांची पिल्लं होतील, ती ठेवायला."

"आणि शहरात?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "शहरात जायचंय ना तुम्हाला? तिने सामान बांधलंय. कधी निघायचंय?"

भावाने हातगाडी वळवली. काठावरच्या उंच-सखल वाटेने ती हळूहळू ढकलत तो चार पावलं गेला आणि मान न वळवता म्हणाला,

"उद्या."

जन्मभर ह्या एका शब्दावरून तिने त्याला फाडून खाल्लं होतं. तिने मांडीखालचे हात बाहेर काढले. डोळे मनगटाने पुसले, काथ्या उचलला, आणि पहिली टोपली बुडापासून घासायला घेतली.